पगार महिन्याचा, हिशेब तासाचा : नाशिकच्या हॉटेलमालकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील हॉटेल, रेस्टॉरंट आणि लॉजचे मालक व व्यवस्थापक यांस,



गंगापूर रोडला, द्वारका चौकात, त्र्यंबक रस्त्याला किंवा पाथर्डी फाट्याला, कुठेही जा, हॉटेलच्या दारावर एक पाटी दिसते : ‘वेटर, हेल्पर, तंदूर कारागीर पाहिजेत. राहण्या-जेवणाची सोय.’ पूर्वी ही पाटी सणासुदीनंतर लागायची आणि माणसं मिळाली की उतरायची. आता ती उतरत नाही.

३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहणाने सिंहस्थ सुरू होतो. २०२७ मध्ये २ ऑगस्टला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं, ११ सप्टेंबरला नाशिकचं आणि १२ सप्टेंबरला त्र्यंबकेश्वरचं तिसरं. त्यासाठी तुम्ही खोल्या वाढवताय, बँकेत कर्जाचे कागद देताय, स्वयंपाकघराला नवी चिमणी बसवताय. त्या खोल्यांतल्या चादरी बदलणारी आणि त्या चिमणीखाली उभी राहणारी माणसं तुमच्याकडे असतील का, एवढ्या एकाच प्रश्नासाठी हे पत्र आहे.

मी या लाईनीत मोरीवर भांडी घासण्यापासून सुरुवात केली, पुढे टेबलं सांभाळली, कॅप्टन झालो. आता हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलामुलींना शिकवतो. त्यामुळे तुमची तक्रार मला ठाऊक आहे : ‘हल्लीची पोरं टिकत नाहीत. कष्ट नकोत. सकाळी फोन बंद करून निघून जातात.’ आणि ती पोरंही रात्री मला फोन करतात. त्यांचं म्हणणं तुमच्यापर्यंत नीट पोचत नाही, कारण ज्याला काम हवंय तो मालकासमोर बोलत नाही आणि ज्याने सोडायचं ठरवलंय त्याला बोलून काही मिळवायचं नसतं.

सोडण्याचा विचार एका रात्रीत येत नाही. विल्यम मोबली या अमेरिकी संशोधकाने १९७७ मध्ये त्याचे टप्पे मांडले : आधी नाराजी, मग सोडण्याचा नुसता विचार, मग दुसरीकडे काय मिळेल याचा अंदाज, मग चौकशी आणि शेवटी निर्णय. आपल्या भटारखान्यात हे टप्पे डोळ्यांनी दिसतात. एरवी उचल मागणारा मुलगा उचल मागेनासा होतो. नवीन काही शिकायचं थांबवतो. गावी जाताना दोन कपडे न्यायचे, तो सगळी बॅग भरतो. दिवाळीनंतर तो आला नाही म्हणून तुम्हाला धक्का बसतो, पण मनातून तो गणपतीतच गेलेला असतो. थांबवायचं असेल तर त्याला गणपतीच्या आधी थांबवावं लागतं.

तो जातो कशामुळे? सगळ्यात आधी तासांमुळे.

तुम्ही पगार महिन्याचा सांगता. कामगार तो तासात मोजतो. समजा, पगार १५ हजार ठरला. आठवड्याला ४८ तासांच्या हिशेबाने महिन्याचे साधारण २०८ तास होतात, म्हणजे तासाला ७२ रुपये. आता तोच मुलगा रोज १३ तास उभा असेल आणि महिन्यात दोनच सुट्ट्या घेत असेल, तर तास होतात ३६४ आणि दर येतो ४१ रुपये. पगार तोच राहिला, तासाचा भाव मात्र जवळजवळ निम्म्यावर आला. हा हिशेब त्याला कागदावर मांडता येत नसेल, पण रात्री साडेबाराला पोटऱ्या दाबत बसताना तो त्याला बरोबर कळतो. ‘पगार कमी पडतो’ आणि ‘ड्युटी फार होते’ या त्याच्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत.

आपल्या धंद्याची खरी दुखती जागा म्हणजे ब्रेक शिफ्ट. सकाळी दहा ते दुपारी साडेतीन, पुन्हा संध्याकाळी साडेसहा ते रात्री बारा. कागदावर काम अकरा तासांचं. पण दहाला कामावर आलेला माणूस बाराला मोकळा होतो, म्हणजे चौदा तास त्याचे राहत नाहीत. मधल्या तीन तासांत अंबडहून किंवा सिडकोहून आलेल्याने घरी जाऊन परत यायचं म्हटलं, तर रिक्षाच्या भाड्यातच कमाई जाते. मग तो गच्चीवर, बँक्वेटच्या खुर्च्या जोडून किंवा स्टोअरमधल्या पोत्यांवर पडतो. त्याला ना झोप म्हणता येते, ना सुट्टी. रात्री बारानंतर सिटीलिंकची बस नसते. मुलगी शाळेत गेल्यावर बाप उठतो आणि ती झोपल्यावर घरी येतो. लग्न झालेली, अनुभवी, हात बसलेली माणसं आपल्याकडून जातात ती मुख्यतः या चौदा तासांमुळे.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात यावर स्पष्ट मर्यादा घातली होती. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास काम, आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मोबदला. कामाची सुरुवात ते शेवट हे अंतर साडेदहा तासांचं, अधूनमधून चालणाऱ्या किंवा तातडीच्या कामात जास्तीत जास्त बारा तासांचं. शिवाय वर्षाला ८ किरकोळ रजा आणि ८ भरपगारी सुट्ट्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी रोजचे तास ९ वरून १० करण्याला आणि जादा कामाची तिमाही मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने मद्यविक्रीच्या जागा वगळता दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला मोकळीक दिली. पण त्याच निर्णयात प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळालीच पाहिजे, असंही म्हटलं आहे. हॉटेल चोवीस तास चालवायचं तर माणसांच्या तीन पाळ्या लागतात. दोन पाळ्यांच्या माणसांकडून तीन पाळ्यांचं काम काढायला गेलात, की ती माणसं निघून जातात.

आणि नाशिकमध्ये जायला जागा भरपूर आहेत. हॉटेलमालक एकमेकांकडची पोरं पळवल्याची तक्रार करतात, पण तुमचा खरा स्पर्धक शेजारचं हॉटेल नाही. सुरगाणा, पेठ, हरसूलकडच्या मुलापुढे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा आहेत. गोडी छाटणी, विरळणी, डिपिंग, खुडा ही कामं टोळीने उक्ती घेतली, की पैसे आधी ठरतात, काम डोळ्यांसमोर संपतं आणि संध्याकाळ आपली राहते. ऊन आहे, औषधांचा त्रास आहे, काम हंगामी आहे, तरीही तो तिकडे जातो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी का होईना, पाळीचा भोंगा वाजतो आणि माणूस सुटतो. खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या कंपन्यांकडे ना पगाराची हमी, ना सुट्टीचा पगार. तरीही ज्या मुलाने काल तुमच्या काउंटरवर पार्सल बांधलं, तोच आज तिथून पार्सल उचलतो. कारण अॅप कधी बंद करायचं हे त्याच्या हातात आहे. कष्ट टाळणारा मुलगा द्राक्षाच्या खुड्याला आणि भर पावसात दुचाकीवर जाईल का? त्याला कष्टाची मुदत ठाऊक हवी असते, एवढंच.

आवणीचंही तसंच. जुलैत इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडे भाताची आवणी सुरू झाली, की पोरं न सांगता जातात. न सांगता का? कारण सांगितलं तर सुट्टी मिळत नाही आणि मागचा पगार अडकतो. जूनमध्येच प्रत्येकाला विचारून पाळीपाळीने आठ-आठ दिवस दिले, तर तो सांगून जाईल आणि परत येईल. २०२७ चं दुसरं अमृतस्नान श्रावण अमावास्येला, पोळ्याच्या सुमारास आहे आणि तिसरं गणेशोत्सवात. त्या तारखांना तुम्हाला माणसं हवी असतील, तर बदली सुट्टीचा शब्द आधी द्यावा लागेल, तोही लिहून.

अडकवलेल्या पगाराविषयी थोडं स्पष्ट बोलतो. पहिला महिना हातात न देता मागे ठेवायचा, म्हणजे माणूस पळणार नाही, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तिने माणूस थांबत नाही. तो फक्त पगाराच्या दिवसाची वाट बघतो आणि पैसे हातात पडताच जातो, मग ऐन शनिवारी तुमची टेबलं रिकामी राहतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आहे आणि नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. फुटलेल्या प्लेटचे किंवा बिल न देता गेलेल्या गिऱ्हाइकाचे पैसे वेटरच्या पगारातून सरसकट कापता येत नाहीत. नुकसान त्याच्या हयगयीने झालं असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. कॅप्टन असताना एका हॉटेलात मी पाहिलं होतं : आठ जणांचं कुटुंब गर्दीत बिल न देता निघून गेलं आणि ती रक्कम नव्या मुलाच्या पगारातून तीन हप्त्यांत वळती झाली. चौथ्या महिन्यात तो नव्हता. तो कामाला चांगला होता. आजही मला त्याची हळहळ वाटते.

टिपेचा प्रश्न नवा आहे आणि त्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलेलं नाही. पूर्वी बडीशेपेच्या ताटलीत सुटे पैसे राहायचे. आता गिऱ्हाईक फोन काढतं, काउंटरच्या क्यूआर कोडवर बिलाची नेमकी रक्कम टाकतं आणि उठतं. कुणी जास्तीचे पन्नास रुपये टाकलेच, तर ते मालकाच्या खात्यात जातात. वेटरच्या महिन्याच्या कमाईतला हा भाग हळूहळू आटला आणि पगार त्या मानाने वाढला नाही. सेवाशुल्क बिलात आपोआप लावण्याला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. ग्राहकाच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण मग टिपेसाठी कामगारांचा वेगळा कोड ठेवणं, जमा रक्कम दर आठवड्याला सगळ्यांसमोर मोजणं आणि मोरीवाल्यापर्यंत वाटणं, हे तुम्हीच करू शकता.

आता अपमानाविषयी. चुटकी वाजवून बोलावणं, ‘ए पोऱ्या’ म्हणणं, भाजी तिखट झाली म्हणून वेटरवर ताट सरकवणं, हे गिऱ्हाईक करतं आणि वेटर हसतमुख राहतो. ते हसू टिकवणं हेही श्रमच आहेत, असं समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून मांडलं. वेटर ते श्रम गिळून घेतो. त्याला लागतं ते पुढचं : मालक गिऱ्हाइकासमोर त्यालाच झापतो आणि गिऱ्हाईक गेल्यावरही ‘तुझं चुकलं नव्हतं’ एवढं म्हणत नाही. एक वाक्य म्हणायला पैसे लागत नाहीत. माझ्या ओळखीतले जे मालक ते म्हणतात, त्यांच्याकडे जुनी माणसं दिसतात.

मुलीही टिकत नाहीत. हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात मुली चांगल्या संख्येने येतात आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांतल्या कितीतरी बँकेत, शोरूममध्ये किंवा घरी जातात. रात्री साडेअकराला ड्युटी संपल्यावर घरापर्यंत गाडी नाही, कपडे बदलायला कडी लागणारी खोली नाही आणि तक्रार कुणाकडे करायची ते माहीत नाही. दहा किंवा अधिक माणसं जिथे काम करतात, तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, हे २०१३ च्या कायद्याने सांगितलंय. तिच्या सदस्यांची नावं स्टाफच्या जेवणाच्या जागी भिंतीवर लावा. तेवढ्यानेही मुलींच्या घरच्यांना धीर येतो.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आपल्या धंद्यातली चढण संपल्याची. एके काळी हॉटेलातलं काम हलकं समजलं जायचं, तरी त्याला पुढे वाट होती. मोरीतला पोरगा टेबलावर यायचा, टेबलावरचा गल्ल्यावर बसायचा आणि गल्ल्यावरचा कधीतरी स्वतःचं हॉटेल टाकायचा. मुंबईत उडुपी-मंगळूरकडून आलेल्या कितीतरी मुलांची आयुष्यं अशी उभी राहिली. कन्नड समाजाच्या संस्थांनी त्यांच्यासाठी रात्रशाळा चालवल्या, मुलं दिवसा कपबशा विसळून रात्री मॅट्रिकचा अभ्यास करायची. मालकाने शाळेपुरतं मोकळं सोडलं, तरच ते शक्य व्हायचं. नाशिकच्या जुन्या उडुपी हॉटेलांतही हा क्रम मी पाहिला आहे.

आज मोरीतला माणूस पाच वर्षांनीही मोरीतच असतो. मोठ्या हॉटेलात कंत्राटदारामार्फत आलेल्या हाऊसकीपिंगच्या बाईचा मालक तर हॉटेल नसून कंत्राटदार असतो. माझे विद्यार्थी प्रशिक्षणाला जातात तेव्हा भाज्या चिरणं आणि खुर्च्या लावणं यापुढे त्यांना कुणी काही दाखवत नाही. मग पदवी हातात पडताच ते क्रूझचे, आखाताचे किंवा कॉल सेंटरचे अर्ज भरतात. नोकरी करत शिकणाऱ्यांसाठीचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच शहरात, गंगापूर धरणाच्या वाटेवर उभं आहे. सगळ्या महाराष्ट्रातली माणसं तिथून शिकतात आणि विद्यापीठापासून काही किलोमीटरवर ताटं उचलणाऱ्या मुलाला अभ्यासाला एक ठरलेली सुट्टी मिळत नाही. त्याची फी भरा असं मी म्हणत नाही. त्याचा रविवार नको, निदान मंगळवार त्याचा ठेवा.

२०२० ची आठवण काढल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गाने डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसं आपण सर्वांनी पाहिली. १ मे २०२० ला देशात पहिल्या सहा श्रमिक विशेष गाड्या जाहीर झाल्या. त्यांतल्या दोन नाशिकहून होत्या, एक भोपाळला आणि एक लखनौला. त्या काळात तुमच्यापैकी काहींनी गल्ला बंद असतानाही पोरांना जेवू घातलं, काहींनी अर्धा पगार दिला. काहींनी फोन उचलले नाहीत. कुणी काय केलं, हे कामगारांमध्ये आजही बोललं जातं आणि गावाकडून नवा मुलगा कुठे पाठवायचा ते त्यावरून ठरतं. हॉटेलची कामं सोडून जाणं जगात इतरत्रही घडलं. अमेरिकेत २०२१ च्या अखेरीस हॉटेल-रेस्टॉरंटांतले शंभरातले सहा-सात कामगार दर महिन्याला नोकरी सोडत होते, एकूण नोकऱ्यांत ते प्रमाण तीनच्या आसपास होतं.

तुमच्या अडचणी खऱ्या आहेत. जागेचं भाडं, गॅस, तेल, घरपोच कंपन्यांचं कमिशन, पितृपक्षातली मंदी, आणि २०१५ च्या सिंहस्थात पहिल्या पर्वणीला बंदोबस्तामुळे अपेक्षेइतकी गर्दी न आल्याने बसलेला फटका. लहान हॉटेलात आठ माणसांच्या तीन पाळ्या होत नाहीत, हेही मला समजतं. पण माणूस गेल्यावर जे जातं तेही जमेस धरा. नवा मुलगा मेन्यू पाठ करेपर्यंत होणाऱ्या चुका, कारागीर बदलला की बदलणारी रश्श्याची चव, परत न येणारं नेहमीचं गिऱ्हाईक. ही रक्कम कुठल्याच वहीत लिहिली जात नाही, म्हणून ती दिसत नाही.

म्हणून ध्वजारोहणाच्या आधी एवढं करावं, अशी विनंती आहे.

प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्या, आणि त्यात पगार, तास आणि सुट्टीचा वार मराठीत किंवा त्याच्या भाषेत लिहा. पुढच्या आठवड्याचं ड्युटीचं वेळापत्रक शनिवारी भिंतीवर लावा आणि मग ते बदलू नका. ब्रेक शिफ्ट बंद करणं जमत नसेल, तर ती आठवड्यातून तीनच दिवस, पाळीपाळीने ठेवा आणि मधल्या वेळेसाठी पंखा व खाट असलेली खोली द्या. जादा तास वहीत लिहा, सही घ्या, दुप्पट पैसे द्या. पगार सात तारखेच्या आत आणि बँकेत. दहा किंवा अधिक माणसं आणि २१ हजारांपर्यंत पगार असेल तर कामगार विम्याची नोंदणी करा. मालकाचा हिस्सा पगाराच्या सव्वातीन टक्के आहे आणि तेलाने हात भाजलेल्या कारागिरासाठी सातपूरचं विमा रुग्णालय त्यातून उघडतं. अमृतस्नानाच्या दिवसांत रस्ते बंद असतील. कामगार हॉटेलातच मुक्कामी राहणार असतील, तर त्यांची झोपण्याची जागा, पाण्याची सोय आणि नंतरच्या सलग सुट्ट्या आत्ताच ठरवा.

लहान हॉटेलांनी, ज्यांच्यावर दुकाने व आस्थापना कायद्याचा पुरता अंमल नाही, निदान आठवड्याची सुट्टी आणि पगाराची तारीख या दोन गोष्टी स्वतःहून पाळाव्यात. शेजारशेजारच्या चार हॉटेलांनी मिळून एक जादा कारागीर ठेवला, तर चौघांचे मुख्य कारागीर आळीपाळीने सुट्टी घेऊ शकतात. तुमच्या संघटनांनी हे एका रस्त्यावर तरी करून बघावं.

यातलं बहुतेक कायद्यात आहेच, उरलेलं तुमच्या हातात आहे. जे मालक वेळापत्रक लावतील, त्यांनी मला कळवू नये, त्यांच्या कामगारांना कळलं म्हणजे पुरे. ती बातमी पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आणि माझ्या वर्गातही आपोआप पोचेल. मग पुढच्या वर्षी नोकरीला कुठे जाऊ, असं विद्यार्थी विचारतील तेव्हा क्रूझच्या आधी मी नाशिकच्या हॉटेलांची नावं घेईन. ती नावं मला घ्यायची आहेत.

आपला,
हॉटेलच्या कामावर जीव असलेला एक नाशिककर